तुमचं मी, माझं तुम्ही

अनुसयाबाई, आज सकाळी मी चहात साखर घातली. चांगला चमचाभर घातली, ढवळली, प्यालो, आणि मग ओट्यापाशी उभा राहून फोनकडे बघत राहिलो. तुम्हाला कळणार नसेल तर साखर खाण्यात काही मजा नाही, हे चहा संपल्यावर लक्षात आलं. न्याहारी झाली की तुमचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही, थेट "काय खाल्लं?" मी घावन म्हटलं की "किती?" आणि मी खरा आकडा सांगितला की पलीकडून एक हुंकार. त्या हुंकाराला मी किती वैतागायचो. आता घरात माझ्या खाण्यावर हरकत घेणारं कोणी नाही. मुलगा डोंबिवलीहून रविवारी फोन करतो, तो "जेवलात ना?" असं विचारतो. त्याचं उत्तर "हो" असतं आणि तेवढ्यावर त्याचं समाधान होतं.

तुम्ही गेलात त्याला अजून पुरता महिनाही झालेला नाही. माझ्याकडे कोणी भेटायला आलं नाही, कारण लोकांच्या हिशेबी माझं कोणी गेलेलंच नाही. बायको गेली तेव्हा अंगणात माणसं बसायला जागा नव्हती. दिवेआगरात माणूस गेला की आठ दिवस चुलीवर दुसऱ्याच्या घरचं शिजतं, इतकं लोक करतात. या वेळी मी दाढी केली नाही, तर शेजारचा अरुण म्हणाला, "काका, ब्लेड संपलं का? बोर्लीला चाललोय, आणू?" मी म्हटलं, आण. काय सांगणार होतो? दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई वारल्या? तो म्हणाला असता, अरेरे, आणि ब्लेडचं पाकीट आणून दिलं असतं.

तुमची-माझी ओळख कशी, हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. दवाखान्यात झाली म्हटलं की वाटतं, नंबर लावताना बाकावर शेजारी बसलो असू. तशी ती झाली नाही. आधी मी वर्षानुवर्षं त्या बाकावर बसलो, कोणाशीही ओळख न होता. कागद काढायचा, रांग धरायची, आत गेलं की डॉक्टर मान वर न करता त्याच गोळ्या परत लिहायचे आणि आपण बाहेर. मग ही नवी डॉक्टरीण आली. पोरसवदा, वेणी घालणारी. तिनं सांगितलं की साखरवाल्यांना आणि बीपीवाल्यांना यापुढे एकेकटं बघणार नाही. महिन्यातल्या एका गुरुवारी लसीकरणाच्या खोलीत सगळे गोल करून बसायचं आणि तपासणी सगळ्यांसमोर व्हायची. ज्याला खाजगी बोलायचंय त्यानं शेवटी थांबायचं.

मला ते अजिबात पटलं नव्हतं. सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला माझा. गाडीचं बॉनेट चारचौघांत उघडतात, माणसाचं नाही, असं मी तिला तोंडावर म्हणालो होतो. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "मग तुमी घरी ऱ्हावा. आमी उघडतो आमचं." सगळे हसले. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. हिरवं लुगडं, पायाशी भाजीची रिकामी पाटी. बोर्लीच्या बाजारात माल विकून तशाच आला होतात.

आणि मग तो जोडीचा नियम. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि जोडी मुद्दाम वेगवेगळ्या गावची, कारण एका गावची माणसं एकमेकांचं झाकतात, हे डॉक्टरीणबाईंनी बरोबर ओळखलं होतं. आपली पाळी आली की आपण गप्प बसायचं. आपला महिना कसा गेला, गोळ्या घेतल्या का, काय खाल्लं, पाय कसे आहेत, हे जोडीदारानं सांगायचं. त्यानंतर सिस्टर बोट टोचणार, आकडा फळ्यावर नावापुढे लिहिणार, आणि मग डॉक्टर बोलणार. तुमचं मी सांगायचं, माझं तुम्ही. एसटीतून निवृत्त होऊन दिवेआगरात सुपारीची वाडी करणारा मी आणि डोंगराकडच्या गावातली, भातशेती आणि भाजी करणारी बाई. आपल्याला एकमेकांचं आडनावही माहीत नव्हतं.

पहिल्या गुरुवारी माझी पाळी आली तर तुम्ही उभ्या राहिलात, मला वरून खालून न्याहाळलंत आणि म्हणालात, "यांचं मला काय म्हाईत? पन शर्टाला बटन न्हाय. म्हंजे घरात बाई न्हाय. म्हंजे जेवान उभ्या उभ्या व्हत असनार." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी रागानं लाल झालो होतो, आणि त्या वेळी खरोखरच गेली दोन वर्षं मी ओट्यापाशी उभा राहूनच जेवत होतो. हे माझ्या मुलाला माहीत नव्हतं, सुनेला नव्हतं. घरी येऊन मी ताट घेऊन पाटावर बसलो. चार घास खाल्ले आणि तुमच्यावरचा राग काढायला तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय खाल्लंत ते काढून घ्यायचं आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगायचं, असा माझा बेत होता. तुम्ही बेधडक सांगितलंत, "भात आनि सुकटीचं कालवन." किती भात? "ताटात मावंल तेवढा." खोटं बोलतच नव्हतात, मग तुमचं उघडं काय पाडणार?

आपला गट किती लबाड होता हे बाहेर आणलंत ते तुम्हीच. गुरुवारी आकडा चारचौघांत फळ्यावर चढणार, म्हणून झाडून सगळे मंगळवारपासूनच भात सोडायचे आणि बुधवारी जवळजवळ उपाशी राहायचे. हरी नाखवा, ज्याला मासळीच्या कालवणाबरोबर भाताचा डोंगर लागतो, तो बुधवारी ताक पिऊन झोपायचा. फळ्यावर सगळ्यांची साखर अशी छान दिसायची की डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. एकदा नाखव्याला तिथेच घाम फुटून चक्कर आली, सिस्टर साखर आणायला धावली, आणि तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "काल जेवला न्हाय तो. कोनीच जेवलं न्हाय. हितं सगळी परीक्षेला बसल्यात." डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. त्यानंतर तीन महिन्यांची साखर एकदम कळणारी तपासणी सुरू झाली आणि आमची बुधवारची एकादशी बंद झाली. नाखवा तुमच्याशी कित्येक दिवस बोलत नव्हता.

फोन मग रोजचाच झाला. सकाळी तुमचा, संध्याकाळी माझा. बोलायचो काय? गोळी, भाकरी, पाय. पायांवर बोट दाबून खड्डा पडतो का बघा, असं मी सांगायचो, आणि तुम्ही फोन खाली ठेवून दाबून बघायचात, ते मला ऐकू यायचं. तुमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात, त्यामुळे मधून मधून म्हैस बोलायची. मी तुम्हाला वाडीचं सांगायचो. वादळात आडव्या झालेल्या सुपाऱ्यांच्या जागी लावलेली रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली, त्यातल्या एकीला सुपारीचा पहिला घोस, पहिली शिंपुटी आली, हे मी बायकोच्या फोटोला सांगितलं आणि त्यानंतर तुम्हाला. मुलाला सांगायचं राहूनच गेलं.

राखीपौर्णिमेच्या सुमाराला दवाखान्यातल्या आशाताई म्हणाल्या होत्या, "अनुसयाकाकी, रोज फोन करता, लोक काहीबाही बोलतात. काकांना एक राखी बांधून टाका की, विषय मिटला." त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. मी फळ्याकडे बघत बसलो. तुम्ही पिशवी उचलता उचलता म्हणालात, "मला दोन भाव हायत. तिसऱ्याचं वझं कुटं घेऊ?" आणि चालायला लागलात. तुम्ही मला कधीच भाऊ म्हणाला नाहीत. मी तुम्हाला कधी ताई किंवा वहिनी म्हटलं नाही. मी अनुसयाबाई म्हणायचो आणि तुम्ही 'वाडीवाले'. त्याहून जवळचा शब्द सापडला नाही आणि लांबचा दोघांनाही नको होता.

आता भांडणाकडे येतो. ते मिटलं नाही आपलं.

तुम्ही एका संध्याकाळी फोनवर म्हणालात की रस्त्यापासून घरापर्यंतच्या चढणीला आता वाटेत बसावं लागतं. पाटी रिकामी असली तरी. छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं होतं. आणि लगेच म्हणालात, "पन हे तिथं सांगू नका." भात झोडायचा होता, सून बाळंत व्हायची होती, तुम्हाला अलिबागच्या इस्पितळात जाऊन पडायला वेळ नव्हता. मी तेव्हा हो की नाही काहीच बोललो नाही. आणि गुरुवारी तुमची पाळी आली तेव्हा उभा राहून सगळं सांगितलं. चढण, बसणं, पाट, सगळं. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून तुम्हाला अलिबागला धाडलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बाहेर रिक्षाची वाट बघताना म्हणालात, "मी तुमाला सांगितलं व्हतं. दवाखान्याला न्हाय."

"जोडीचा नियमच तो आहे," मी म्हटलं.

"नियम ऱ्हाऊ दे नियमाच्या जागी. माझ्या तोंडातलं माझं हाय. मी ज्याला देईन त्याचं."

त्यानंतर तुमचा फोन बंद झाला. मी करायचो, तो वाजून वाजून थांबायचा. तुमच्या गोळ्या वाढल्या, अंगातलं पाणी काढणारी गोळी सुरू झाली, हे मला आशाताईंकडून कळलं. पुढच्या गुरुवारी माझी पाळी येईपर्यंत मी दाराशीच घुटमळत होतो. कारण मी तुम्हाला आधी सांगून बसलो होतो की रात्रीची गोळी मी घेत नाही. ती घेतली की झोप मोडते, आणि झोप मोडली की रिकाम्या घरात पहाटेपर्यंत काय करायचं कळत नाही. हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आता सूड घेणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "यांचं सगळं ठीक हाय." आणि बसलात.

बाहेर आल्यावर म्हणालात, "बघितलं? असं ठेवतात."

"आणि गोळीवाचून मी मेलो असतो म्हणजे?"

"मरू दिलं असतं काय? घरी येऊन तोंडात कोंबली असती." मग म्हणालात, "ती सकाळी घेतली तर चालतं. मी सिस्टरला इचारलं. माझ्या नावानं इचारलं." त्या दिवसापासून मी ती सकाळी घेतो. तुमचा फोनही परत सुरू झाला, पण वाद तसाच राहिला. मी म्हणायचो, मी सांगितलं म्हणून तुम्ही चढण न बसता चढता. तुम्ही म्हणायचात, चढते ती गोळीनं, तुमच्या चोंबडेपणानं नव्हे. मी बरं केलं, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मी वाट बघत होतो. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच म्हणत नव्हतात.

शेवटच्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा काही वेगळं नव्हतं. नाचणीची भाकरी, पावट्याचं कालवण, भात थोडाच. पायाला खड्डा पडत नव्हता. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. फोन ठेवता ठेवता तुम्ही एक वाक्य बोललात. साखरेचं नव्हे, गोळ्यांचं नव्हे. आयुष्यात मला तसं कोणी म्हटलं नव्हतं, बायकोनंसुद्धा नाही, आमच्या पिढीत तशी पद्धतच नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही लाजून फोन ठेवला होतात. परत लावायला हात धजला नाही. म्हटलं, सकाळी बोलू. उत्तर काही मोठं नव्हतं. 'मलाही' एवढंच म्हणायचं होतं.

सकाळी न्याहारी झाली, फोन आला नाही. मी लावला. एका पुरुषानं उचलला, तुमचा मुलगा. "आई गेली पहाटे," तो म्हणाला. "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "दवाखान्यातून." तो म्हणाला, "आता काय उपयोग, साहेब," आणि फोन बंद केला.

मी आलो होतो, अनुसयाबाई. रिक्षा मिळेपर्यंत तुम्हाला घेऊन गेले होते. मी सगळ्यांच्या मागे उभा राहिलो, सरणाच्या लाकडांपासून लांब. एकानं विचारलं, बाजारातले का तुम्ही? मी हो म्हणून मान हलवली. परतताना मुद्दाम तुमच्या चढणीवरून गेलो. मला वाटेत बसावं लागलं.

दहाव्यानंतर तुमच्या घरी गेलो. विरारला दिलेली तुमची मुलगी पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "तुम्ही वाडीवाले ना? आईच्या फोनमध्ये बाकी कोणाचे फारसे फोनच नाहीत, सगळे तुमचेच." तिचा भाऊ आत होता, गावातल्या दोन बायका पडवीत बसल्या होत्या. ती काय विचारणार याचा मी अंदाज करत होतो, आणि तिनं विचारलं, "आदल्या दिवशी आई जेवली होती का हो?"

मी सांगितलं. भाकरी, पावटे, भात थोडाच. गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या, दुपारची सुद्धा. पाय सुजले नव्हते, दाबून बघितले होते. धाप नव्हती, आवाज मोकळा होता. नातीच्या प्रवेशाचं तीनदा सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून रडायला लागली. म्हणाली, "आम्हाला फोन केला की 'बरी हाय' म्हणायची. इतकं कधी सांगितलंच नाही." मग तिनं मला आत बोलावलं, फोटोसमोर बसायला पाट दिला आणि भावाला सांगितलं, "हे आईचे." पुढचा शब्द तिलाही सापडला नाही. भावानं मान डोलावली आणि पाणी आणून दिलं.

काल गुरुवार होता. मी जाणार नव्हतो. पण गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या गटात बसल्याशिवाय मिळत नाहीत. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोलातून नजर फिरवली. "काकांचं कोण सांगतं?" कोणाला काय माहीत होतं? शेवटी नाखवा उभा राहिला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, "रोड झाल्यात जरा." तेवढं सांगून बसला. सिस्टरनं बोट टोचलं. आकडा फळ्यावर चढवून तिनं वळून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून तुमची जोडी नाखव्यांबरोबर लावू का? मी म्हटलं, बघू.

मग त्यांनी विचारलं, "अनुसयाकाकींचं सांगायचंय का तुम्हाला? जमणार असेल तरच." मी उभा राहिलो. नेहमीसारखं सांगितलं, गोळ्या, जेवण, पाय, चढण. पुरं केलं. आशाताई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं ना? काही म्हणाल्या का?"

सगळा गट माझ्याकडे बघत होता. माणसं चांगली आहेत, तुमच्यावर जीव होता सगळ्यांचा. सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं. आणि माझ्या ओठांवर होतं ते, कारण इतके दिवस एकट्यानं बाळगून मी थकलो आहे.

"म्हणाल्या," मी म्हटलं. "पण ते मला म्हणाल्या, दवाखान्याला नाही." आणि खाली बसलो.

वाद तुम्ही जिंकलात, अनुसयाबाई. तुम्ही असतात तर हे कबूल केल्यावर महिनाभर मला चिडवलं असतंत, आणि मी एकदाही फोन ठेवला नसता.